आपली मागणी आपण मांडायची नाही

'नेतृत्वगुण' हा शब्द ज्याने कुणी चलनात आणला, त्याला एकदा साखर कारखान्याच्या बगॅसच्या ढिगावर दिवसभर उभं करायला पाहिजे. संपादकांनी मला 'मोठ्या आणि गुंतागुंतीच्या संघटनेत नेतृत्वाची फळी कशी उभारावी' यावर अनुभव लिहायला सांगितलं आहे. दिवाळीचे दिवस आहेत, फार कडू लिहू नका, असंही वर सुचवलं आहे. पहिलं जमेल. दुसरं जमणार नाही. साखरेबद्दल लिहायचं म्हणून गोडच लिहायचं, असा कायदा अजून झालेला नाही.

मी राजूरची. आमच्या डोंगरात ऊस नाही. कॉलेजला नगरला आले, पत्रकं लिहायला लागले, आणि पत्रकं वाटता वाटता गोदावरीच्या कालव्यांवरच्या एका कारखान्यात कामगार युनियनची पूर्णवेळ कार्यकर्ती झाले. कारखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तो एक कारखाना वाईट, आणि पान उलटाल. माझं काम काय? पत्रक लिहायचं, कोपरगावला जाऊन छापून आणायचं, पाळी सुटताना गेटवर वाटायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. वाचून दाखवताना लोक मध्येच तोंड घालतात, आणि आपण लिहिलेलं किती पोकळ आहे ते तिथल्या तिथे कळतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखाना म्हणजे एक चिमणी आणि तिच्याखाली कामगार. तसं नसतं. त्या चिमणीखाली चार वेगवेगळी गावं असतात. ऑफिसातले, पंख्याखालचे. मिल हाऊस आणि बॉयलरवाले, ग्रीस आणि आगीतले. साखर शिजवणारे पॅनवाले, जे स्वतःला कारागीर समजतात आणि मिलवाल्यांना हमाल. आणि सगळ्यांच्या खाली बगॅसच्या बायका. चहाच्या टपरीवरसुद्धा प्रत्येकाचं बाकडं वेगळं. त्यात पुन्हा कायम वेगळे, हंगामी वेगळे, ठेकेदाराचे वेगळे. कायम म्हणजे बारमाही पगार. हंगामी म्हणजे दरवर्षी गाळप सुरू झालं की कारखान्याला तुम्हाला कामावर बोलवावंच लागतं, बंद काळातही थोडाफार भत्ता द्यावा लागतो. ठेक्यावरचा म्हणजे कुणीच नाही. तो ठेकेदाराचा माणूस, आणि ठेकेदार दरवर्षी बदलतो.

उसातून रस निघाल्यावर जो चोथा उरतो तो बगॅस. तोच जाळून बॉयलर पेटतो, त्याच वाफेवर मिल फिरते. गाळप चालू असताना चोथा मिलमधून आपोआप बॉयलरकडे जातो. उरलेला यार्डात रचून ठेवतात. मिल मध्येच बंद पडली, किंवा हंगामाच्या आरंभी मिल सुरूच झालेली नसली, की हा रचलेला बगॅस डोक्यावरच्या पाट्यांनी वाहून बॉयलरला घालावा लागतो. हे काम बायकांचं. त्याची बारीक कूस अंगात रुतते, छातीत बसते. यार्डातली बाई खोकल्यावरून ओळखू येते. जवळजवळ सगळ्या बायका कारखान्यामागच्या बौद्ध वस्तीतल्या. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी लेख इथेच सोडावा.

त्यांची पुढारीण सिंधूबाई. लग्न होऊन आली तशी यार्डात उतरली, ती लेकी सासरी गेल्या तरी तिथेच होती. आणि त्या वर्षी बातमी आली की पुढच्या हंगामापर्यंत यार्डातून बॉयलरला नवा यांत्रिक पट्टा बसणार. पट्टा बसला की पाट्या गेल्या, पाट्या गेल्या की बायका गेल्या. हंगामी असत्या तर त्यांना दुसऱ्या खात्यात घ्यावंच लागलं असतं. ठेक्यावर होत्या, म्हणून 'उद्यापासून येऊ नका' एवढं वाक्य पुरलं असतं. तेव्हा गाळप सुरू होण्याआधी, बॉयलर त्यांच्या पाटीवाचून पेटत नसतानाच, त्या हंगामी झाल्या तर झाल्या, नाहीतर कायमच्या संपल्या. पणाला लागलेली गोष्ट एवढीच होती.

यात आमची युनियन काय करत होती? युनियन कार्यकारिणी निवडत होती. आमचे अध्यक्ष तात्या. नगरला राहायचे, जुन्या लढ्यांतले, तुरुंग पाहिलेले. हे मी नाकारत नाही. पण तात्यांची फळी बांधण्याची रीत अशी: या गावचा एक, त्या भावकीचा एक, ज्याला नाही घेतलं तर रुसेल असा एक, आणि ज्याला घेतलं तर गप्प बसेल असा एक. बगॅसच्या बायका रुसत नव्हत्या आणि गप्पही बसत नव्हत्या. म्हणून त्यांचं कुणीच नव्हतं. मी तात्यांना विचारलं, तर म्हणाले, “त्या आपल्या सभासद कुठे आहेत? ठेकेदाराच्या आहेत.” कारखानाही हेच म्हणत होता, शब्दाला शब्द.

मी फार बोंब मारली तेव्हा त्यांनी खात्याखात्यांतून, यार्डातली सिंधूबाई धरून, पाच जणांची 'वाटाघाटी समिती' नेमली आणि आमचं नेतृत्व घडवायला एक प्रशिक्षक शहरातून बोलावले. शिबिर शाळेच्या वर्गात. प्रशिक्षकांनी पाचही जणांना गोल उभं केलं, सुतळीचं एक बंडल काढलं आणि म्हणाले, ज्याच्याबद्दल आदर वाटतो त्याच्याकडे बंडल टाका, एक टोक आपल्या हातात ठेवा. थोड्या वेळाने मध्ये सुतळीचं जाळं तयार झालं. साहेब हरखून म्हणाले, “बघा, हीच आपली टीम. एक टोक सोडलं तर सगळं सैल पडतं.”

मिल हाऊसचे फिटर रशीदभाई हातातलं टोक बघत म्हणाले, “साहेब, ही मिलच्या रोलरमधी गेली ना, तर पाची जन एकदमच आत जाऊ.”

सिंधूबाई म्हणाली, “एवढ्या सुतळीत पोती शिवून झाली असती.”

साहेबांनी ते 'सकारात्मक विनोद' म्हणून फळ्यावर लिहून घेतलं. जेवणात जिलबी होती. समितीतले बाकी तिघे, एक ऑफिसातला कारकून, एक पॅनवाला आणि बॉयलरवरचे दशरथमामा, जिलबी खाऊन पाळीला गेले. मी चिडून पत्रक लिहायला बसले.

फळी शिबिरात बांधली गेली नाही. भांडणात बांधली गेली, तेवढं सांगते.

कारखान्याचे लेबर ऑफिसर होते, गोड माणूस. त्यांची पद्धत ठरलेली. समिती भेटायला गेली की खोलीत खुर्ची एकच. “एकाने या, बाकीच्यांनी बाहेर चहा घ्या.” आत गेलेल्याची चौकशी व्हायची: मुलगा काय करतो, क्वार्टरचं छप्पर गळतं का. मग त्याच्या खात्याचं एखादं किरकोळ काम होऊन जायचं. बाहेर आल्यावर त्याचा आवाज बदललेला असायचा. तुम्ही म्हणाल, माणसं फितूर झाली. नाही. ज्याचं दुखतं त्याला मलम दाखवलं की तो गप्प बसणारच. कारखान्याला हे आमच्यापेक्षा आधी कळलं होतं, एवढाच फरक.

एकदा रशीदभाई असे आत जाऊन आले. मिलच्या दातेरी चाकांवर लोखंडी जाळी बसवा, ही त्यांची जुनी मागणी. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या चाकांत गेलेली. बाहेर येऊन म्हणाले, “जाळीचं बघतो म्हनले. जरा दम धरू.”

सिंधूबाई पायरीवर बसली होती. ती उठलीच. “म्हंजी तुझी जाळी झाली की आमी गेलो बोंबलत, व्हय रं?”

“मी काय तुमच्या विरोधात बोललो का आत?”

“तू आमच्यासाठी तरी काय बोल्ला?”

“मला तुमच्या यार्डातलं काय कळतंय? मी माझ्या मिलचं बोलनार.”

“मंग तू माझं बोल, मी तुझं बोलते. बघू कोन कुनाला इकतं.”

तिने ते तोंडात मारल्यासारखं म्हटलं होतं. पण बॉयलर अटेंडंट दशरथमामा, जे तोवर तंबाखू मळत गप्प होते, हसायला लागले आणि म्हणाले, “बाईचं बोलनं रशीदच्या बापाला जमायचं न्हाई. रशीदचं बाईनं बोलावं, बाईचं मी बोलतो. माझा बॉयलर तिच्याच पाटीवर पेटतोय.”

तिथून आमचा नियम झाला. आपली मागणी आपण मांडायची नाही. बगॅसच्या बायकांचं दशरथमामांनी बोलायचं. मिलच्या जाळीचं सिंधूबाईने बोलायचं. बॉयलरचं पॅनवाल्याने, ऑफिसचं रशीदभाईंनी, पॅनचं कारकुनाने. आणि ज्याने जे मांडलं, ते सोडायचं की धरायचं हेही त्यानेच ठरवायचं, पण ज्यांची मागणी आहे त्यांना विचारून. कागदावर हे वेड्यासारखं दिसतं. करून बघा. दुसऱ्याचं मांडायचं तर आधी ते समजून घ्यावं लागतं. दशरथमामा सुट्टीच्या दिवशी यार्डात गेले. सिंधूबाईने त्यांना बसायला जागा दिली नाही, पाटी दिली. दुपारी ते खोकत परत आले आणि मला म्हणाले, “ताई, मी आगीपुढं उभा ऱ्हातो, पन आग परवडली.” सिंधूबाई मिल हाऊसमध्ये गेली तेव्हा तिथल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. रशीदभाईंनी त्यांच्याकडे तीन बोटांचा पंजा करून दाखवला आणि म्हणाले, “ही बाई ह्या दोन बोटांचं बोलनार हाय. कुनाला हसायचं त्यानं आधी हात चाकात घालून यावं.”

पुढच्या भेटीला लेबर ऑफिसरांनी सवयीने विचारलं, “मिल हाऊसचं कोण बोलणार?” आणि पदर खोचून सिंधूबाई पुढे आली. साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते म्हणाले, “बाई, तुम्हाला मिलमधलं काय कळतं?” ती म्हणाली, “काय न्हाई कळत. तुमी चला, हात घालून दावा, मंग कळंल दोघास्नी.”

एकाला फोडण्याची त्यांची जुनी युक्ती निकामी झाली. कुणाला काय द्यायचं तेच कळेना. मला या नियमाचा अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. विद्यापीठातल्या कुणी तो शोधून काढला असता तर त्यावर परिषद भरली असती.

मग कारखान्याने दुसरा डाव टाकला. हंगामाआधी बॉयलर पेटवतात तो मोठा समारंभ असतो. सत्यनारायणाची पूजा, कर्णे, मांडव, संचालक मंडळ, पत्रकार. पूजेला एक जोडपं बसतं. ते नेहमी एखाद्या संचालकाचं. बॉयलरमागे आयुष्य घातलेल्या माणसाने त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत उभं राहायचं. त्या वर्षी लेबर ऑफिसर नारळ घेऊन थेट दशरथमामांच्या क्वार्टरमध्ये गेले. चेअरमनसाहेबांची इच्छा आहे, यंदा पूजेला तुम्ही जोडीने बसावं.

दशरथमामांच्या घरी आनंद झाला. का होऊ नये? कलावतीकाकूंनी शेजारणीकडे नऊवारी मागूनही ठेवली. आणि मी संतापले. डाव उघड होता. ज्याने बगॅसच्या बायकांचं तोंड व्हायचं, त्यालाच पाटावर बसवायचा. वर्तमानपत्रात फोटो, 'कामगारांना मानाचं स्थान'. मान घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येत नाही. शिवाय समितीतली एक बौद्ध, एक मुसलमान. पूजेच्या पाटावर त्यांना कोण बोलावणार होतं? पाचांतला एक उचलला की बाकी चार आपोआप एकमेकांकडे संशयाने बघणार. मी बहिष्काराचं पत्रक लिहून टाकलं आणि समिती बोलावली.

रशीदभाई म्हणाले, “बसा की मामा. पन तिथं तोंड फक्त आरतीला उघडायचं असतंय, ध्यानात ठेवा.”

दशरथमामांचं तोंड उतरलं. “इतकी वर्सं त्या आगीपुढं माझी भुवई जळली. एक दिवस तिच्यापुढं पाटावर बसलो तर कुनाचं काय गेलं? पन तुमी न्हाई म्हना, मी बसत न्हाई.”

मग सिंधूबाईने माझ्या हातातलं पत्रक घेतलं, घडी घातली आणि माझ्याच पिशवीत टाकलं. “मी त्या पूजेला यायची न्हाई. आमच्यात ते सोडलंय, आमी बाबासाहेबांच्या मागं गेलेली मानसं. पन मामाला बसू द्या. माझी मागनी त्यानं मांडायची ठरलीय. कुठं बसून मांडायची, ते कुठं ठरलंय?”

तिच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरायला मला वेळ लागला. दशरथमामांना लागला नाही. ते घाबरले, हे त्यांच्या हातावरून कळत होतं. तंबाखू मळायचा थांबला होता.

पूजेच्या दिवशी बॉयलर हाऊसपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर चेअरमन, संचालक, आणि खांद्यावर शाल घेतलेले आमचे तात्या. गुरुजींपुढे माईक, कारण मंत्र सगळ्या आवारात ऐकू गेले पाहिजेत. दशरथमामा सोवळं नेसून पाटावर, शेजारी कलावतीकाकू. पूजेच्या सुरुवातीला संकल्प असतो. यजमानाने तळहातावर पाणी घ्यायचं, मनात इच्छा धरायची आणि ताम्हणात सोडायचं. बायकोने फक्त नवऱ्याच्या हाताला हात लावायचा. तिची पूजा तेवढीच.

गुरुजी म्हणाले, “इच्छा मनात म्हणा आणि पाणी सोडा.”

मामा थांबले. पाणी बोटांमधून गळायला लागलं. मला वाटलं, गेलं. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या मनगटावर ठेवलेला हात असा दाबला की मामा दचकले आणि माईकच्या दिशेने वाकले.

“बगॅसवरच्या बायका गाळपाआधी हंगामी होऊ देत,” ते म्हणाले, आणि पाणी सोडलं.

गुरुजींनी सवयीने पुढचा मंत्र सुरू केला. पण कर्ण्यांतून ते वाक्य मिल हाऊसमध्ये गेलं होतं, गेटबाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं होतं आणि यार्डात गेलं होतं, जिथे सिंधूबाई आपल्या बायका घेऊन उभी होती. देवापुढे सोडलेल्या संकल्पावर आक्षेप कोण घेणार? भाषणाला माणूस अडवता येतो. पाटावरून उठवता येत नाही. आणि त्या पाटावर त्याला त्यांनीच बसवला होता, नारळ देऊन.

चेअरमन कसलेले होते. भाषणाला उठले आणि हसून म्हणाले, “दशरथरावांनी थेट वरच्या कोर्टात अर्ज केलाय. देवाच्या कामात आम्ही आडवे येणार नाही.” टाळ्या पडल्या. पत्रकारांनी लिहून घेतलं. दशरथमामांनी पूजेला बसल्याबसल्या आमच्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली. त्यांना हसू येत होतं.

गोष्ट इथे संपवली तर संपादक खूश होतील. पण पुढे जे झालं, त्यासाठीच मी हे लिहिते आहे.

टाळ्या वाजवणाऱ्यांत तात्या नव्हते. बॉयलर पेटल्यापासून उसाची पहिली मोळी मिलच्या तोंडाशी असलेल्या गव्हाणीत पडेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. बॉयलर हळूहळू तापवावा लागतो. त्या दिवसांत आमचे अध्यक्ष एकटे चेअरमनच्या बंगल्यावर गेले, चहा प्यायले, आणि करारावर सही करून आले. करारात काय? 'बगॅस विभागातील महिलांबाबत पुढील हंगामात सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.' सरकारी मराठीत 'सहानुभूतीपूर्वक विचार' म्हणजे नकारच, फक्त हार घातलेला. पुढच्या हंगामात यार्डात पट्टा असणार होता. बायका नसणार होत्या.

मी नगरला जाऊन तात्यांना विचारलं, का केलंत? ते शांतपणे म्हणाले, “संघटनेला पायऱ्या असतात, बाळ. बॉयलरवाल्याने परस्पर मागणी करायची, चेअरमनने परस्पर मान्य करायची. पाच जणच ठरवायला लागले तर अध्यक्ष कशाला?”

मी म्हटलं, “तेच विचारायला आलेय.”

त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. मला त्या माणसाचा राग कारखान्यापेक्षा जास्त येतो, आणि हा राग उतरावा अशी माझी इच्छा नाही. कारखाना कारखान्यासारखा वागला. हा माणूस आयुष्यभर आम्हाला 'एकजूट' हा शब्द शिकवत होता, आणि एकजूट त्याच्याशिवाय झाली म्हणताच त्याने ती विकली. पैशासाठीही नाही. मानासाठी. जिल्ह्यातल्या किती संस्था, किती संघटना या एकाच रोगाने मेल्या असतील? फळी उभी करणारा स्वतःच फळीला आडवा येतो, आणि आपण त्याला ज्येष्ठ म्हणून पाया पडतो.

मोळी पडायच्या दिवशी गव्हाणीपाशी उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बैल रवंथ करत होते. फुलांनी मढवलेली मोळी तयार. आणि मिल फिरेना. बगॅसच्या बायका यार्डाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रशीदभाईंचे फिटर हात पुसत उभे. दशरथमामांचं वेगळंच. ते स्वतः लाकडं घालून आग धरून होते. मॅनेजर ओरडत आले तेव्हा म्हणाले, “बॉयलर माझा हाय, तो मी गार पडू देनार न्हाई. पन वाफ म्होरं सोडनार न्हाई. माझा संकल्प अर्धा ऱ्हायलाय.”

“अहो, तुमच्या अध्यक्षांनी सही केलीय.”

“पाटावर ते बसले न्हवते.”

ऊस घेऊन आलेले शेतकरी तापायला लागले. एकाने आम्हाला शिव्यांची लाखोली वाहिली, आणि त्याचंही चूक नव्हतं. तोडलेला ऊस वाळतो. पॅनवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, संध्याकाळपर्यंत हे टिकायचं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हा लेबर ऑफिसर आले. या वेळी खोलीत बोलावलं नाही, स्वतः मिल हाऊसच्या दारात आले आणि सरळ रशीदभाईंपुढे उभे राहिले. हातात जाळीच्या कामाचा मंजूर आदेश होता. “रशीदभाई, जाळी आजच मंजूर. उद्या काम सुरू. तुमच्या पोरांची बोटं वाचतील. मिल फिरवा.”

रशीदभाईंनी कागदाकडे बघितलं. त्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. त्या चाकांनी त्यांची दोन बोटं खाल्ली होती. मागे उभी असलेली पोरं त्यांचीच होती, रोज त्या चाकांपाशी वाकणारी.

मग ते म्हणाले, “साहेब, माझी मागनी माझ्याकडं न्हाई. सिंधूबाईकडं हाय. तिला इचारा.”

लेबर ऑफिसर कागद धरून यार्डात गेले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा यार्डात गेले असावेत. बुटांना कूस चिकटली म्हणून सारखे पाय झटकत होते. सिंधूबाई बसल्या जागेवरून उठली नाही.

“जाळी पायजेच,” ती म्हणाली. “त्यात काय बोलायचं न्हाई, त्यो कागद हितं ठेवा. आन आमचं काय ते मामाला सांगा. आमचं त्यो बोलतोय.”

साहेब यार्डातून बॉयलरकडे, बॉयलरकडून मिलकडे, मिलकडून पुन्हा यार्डाकडे फिरत राहिले. जिथे जातील तिथे ती मागणी दुसऱ्याकडे. कारखान्याचे बडे अधिकारी गाडीतून आले, त्यांनाही तसंच फिरावं लागलं. शेवटी उन्हं कलताना नवा करार झाला. बायका त्याच दिवसापासून हंगामी. सहीला तात्यांना नगरहून गाडी पाठवून आणलं, कारण कायद्याने सही अध्यक्षांची लागते. त्यांनी सही केली, पत्रकारांपुढे उभं राहून हात वर केला. फोटो त्यांचा छापून आला. दशरथमामांनी वाफ सोडली आणि मिल फिरली.

आता बक्षीस ऐका. महिन्याच्या आत युनियनने ती समिती बेशिस्तीच्या कारणाने बरखास्त केली. मला कामावरून काढलं; ठरावात 'व्यक्तिकेंद्रित वृत्ती' असे शब्द होते, आणि ठराव मांडणारे तात्या होते. आमचा नियम कुणी पुढे चालवला नाही. नव्या समितीत पुन्हा ज्याचं त्याने मांडायचं, आत एक खुर्ची, बाहेर चहा. रशीदभाई आता कुठल्याच सभेला येत नाहीत. मिलला जाळी बसली, एवढं मात्र ते भेटले की सांगतात. पूजेला पुन्हा संचालकांची जोडपी बसतात. मी कलावतीकाकूंना एकदा म्हटलं, तुम्हाला वाईट वाटत असेल. त्या म्हणाल्या, “कशाचं गं? एकदा बसलो की. लई येळ पाय मोडून बसावं लागतंय, मुंग्या येत्यात.”

लोक मला विचारतात, मग काय मिळवलंत? एवढं करून फळी मोडलीच ना? मोडली. मी तिचं मंदिर बांधायला बसले नव्हते. मला राग याचा आहे की ती मोडणारे हात आमचे होते, आणि त्यांना अजून हार पडतात.

पुढच्या हंगामात मी गेटबाहेर उभी होते. आत जायला बंदी होती, तरी पत्रक वाटायला रस्ता कुणाच्या बापाचा नाही. यार्डात पट्टा बसला होता. भिंतीवरून त्याचा निळा सांगाडा दिसत होता. पत्रकात मी तात्यांना चांगलाच सोलून काढला होता. सकाळच्या पाळीची गर्दी आत चालली होती. बायकांच्या घोळक्यात सिंधूबाई दिसली, साखरेची पोती शिवायच्या खात्यात चाललेली, हातात हजेरीचं पितळी टोकन. मागच्या बोळातून नाही, मोठ्या गेटातून. ठेक्यावर होती तेव्हा ती आली काय, न आली काय, ठेकेदार तिच्या जागी दुसरी उभी करायचा आणि कुठल्याही हजेरीपटावर काही लागत नसे.

मी तिला अडवलं, पत्रक पुढे केलं आणि त्यातला तात्यांवरचा उतारा वाचून दाखवायला लागले.

“सर बाजूला, पोरी,” ती म्हणाली. “भोंगा झाला. तुझ्या तात्यापायी माझा खाडा लागंल.”